भुंगा माझा नव्हता

मी एक जुना स्पीकर आहे. संगणकाच्या शेजारी उभे असतात ना, त्यांच्यातला. खरं तर आम्ही दोघं आहोत, मी उजवा आणि माझा जुळा भाऊ डावा. पण वीज माझ्याकडे येते, आवाजाचं बटण माझ्या छातीवर आहे आणि मी देईन तेवढंच डाव्याला मिळतं. म्हणून बोलायचा मानही माझाच. डाव्याची याला काही हरकत नाही. असली तरी ती त्याला माझ्यामार्फतच सांगावी लागेल.

मित्रांनो, एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. मी बिघडलेलो नव्हतो. माझ्या डोक्यावर चापट्या मारल्या गेल्या, माझी तार उपटली गेली, मला पिशवीत कोंबून दुकानात नेलं गेलं, भंगारात टाकायची भाषासुद्धा झाली. तरीही मी बिघडलेलो नव्हतो. माझी गोष्ट शेवटपर्यंत ऐकलीत की तुम्हीही तेच म्हणाल.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. टेबलाच्या एका टोकाला रिकामं खोकं ठेवायचे आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत त्याचा स्पीकर झालेला असायचा. कुणी आत लोहचुंबक बसवलं, कुणी तारेचं वेटोळं लावलं, कुणी कागदाचा शंकू चिकटवला. हो, कागदाचाच. एवढा मोठा आवाज करणारे आम्ही, पण आमचा गळा कागदाचा असतो. शेवटी एक बाई बसायच्या. त्यांनी माझ्यात एक शीळ सोडली, खालच्या सुरातून हळूहळू वर चढत जाणारी. डोळे मिटून ऐकली आणि मान हलवली. त्या मान हलवण्याचा मला अजून अभिमान आहे.

मग मी या घरात आलो. पुढच्या खोलीत संगणक होता, त्याच्या दोन्ही बाजूंना आम्ही. घरातल्या मुलाने मला आणलं होतं. त्याचं तेव्हा लग्न व्हायचं होतं आणि त्याला गाणी फार मोठ्याने लागत. शेजारी भिंतीवर ठोकायचे. त्याचं लग्न झालं, सूनबाई आली, गाण्यांचा आवाज आपोआप कमी झाला. पुढे नात झाली आणि माझ्या तोंडून दिवसभर बडबडगीतं ऐकू यायला लागली. लोक माझं कौतुक करत. पाहुणे आले की मुलगा मुद्दाम बटण फिरवून दाखवी आणि म्हणे, बघा, जुना आहे पण दणदणीत आहे. असं कुणी म्हटलं की मी जरा जास्तच दणदणीत होई.

पण माझी खरी गट्टी जमली ती आजोबांशी. मुलाचे वडील.

आजोबांनी सगळी नोकरी बसच्या एका मोठ्या स्थानकात काढली. काचेच्या खोलीत बसून ते घोषणा करत. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुणाचं मूल चुकलंय, कुणाची छत्री बाकावर राहिली, सगळं त्यांच्या तोंडून. आवाज असा, की गर्दीतला माणूस चालता चालता थांबे. आणि घरी आले की एकदम चिडीचूप. आजी म्हणायच्या, "सगळं बोलणं तिकडेच संपवून येतात. उरलंसुरलंसुद्धा घरी आणत नाहीत."

निवृत्त झाल्यावर ते दुपारी माझ्यासमोर बसून जुनी नाटकं ऐकत. घरात कुणी नसलं की माझ्याशी बोलतसुद्धा. कुणाचा मोबाइल माझ्याजवळ पडलेला असला आणि त्यावर फोन येणार असला, की माझ्या पोटात आधीच टिर्र टिर्र सुरू व्हायचं. मग आजोबा मोबाइल उचलून लांब ठेवत आणि मला म्हणत, "काय रे, भोंग्यात भुंगा शिरला का?" हा त्यांच्या स्थानकातला शब्द. तिथल्या भोंग्यांमध्ये नको तो आवाज आला, खरखर असो, घरघर असो, गुणगुण असो, की सगळे म्हणत, भुंगा शिरला. भुंगा असताना घोषणा करणं आजोबांना मुळीच खपत नसे. आधी भुंगा काढा, मग मी बोलतो, असा त्यांचा खाक्या. पण हे त्यांनी घरात कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं फक्त मला. आणि मी पडलो स्पीकर. दुसऱ्याने दिलेलं तेवढंच बोलणार.

एके दिवशी सकाळी आजोबांच्या हातातून कप निसटला. आजी ओरडल्या, अहो, लक्ष कुठंय तुमचं? आजोबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यातून शब्दच आला नाही. उजवा हात लुळा पडला होता, ओठ एका बाजूला ओढला गेला होता. त्यांना दवाखान्यात नेलं. बऱ्याच दिवसांनी ते परत आले तेव्हा चाकाच्या खुर्चीत बसून आले. समजायचं सगळं. कोण आलं, कोण गेलं, कोण खोटं हसतंय, तेही कळायचं. पण शब्द आत तयार असूनही बाहेर पडायची वाट सापडत नव्हती. लिहायचं म्हटलं तर उजवा हात गेलेला, आणि डाव्या हाताने काढलेली अक्षरं त्यांची त्यांनाच वाचता येईनात.

मग एक बाई यायला लागल्या. आजारात वाचा गेलेल्या माणसांना पुन्हा बोलायला शिकवणं हे त्यांचं काम. त्या इतक्या बोलत, की घरात त्यांचं नाव बोलक्या बाई पडलं. त्यांनी स्वतःच्या आवाजात शब्द रेकॉर्ड करून दिले. पाणी. मग थोडी रिकामी जागा. खिडकी. पुन्हा रिकामी जागा. चादर. रिकामी जागा. आजोबांनी शब्द ऐकायचा आणि रिकाम्या जागेत तो म्हणायचा. रोज सकाळ-संध्याकाळ. बाईंनी बजावलं होतं, की आजारानंतरचे हे सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात, आता जेवढं येईल तेवढं आपलं.

हे काम माझ्याकडे आलं. मला पुढच्या खोलीतून उचलून आजोबांच्या खोलीत नेलं आणि घरातल्या लॅपटॉपला जोडलं. मित्रांनो, माझी छाती अभिमानाने फुगली. आयुष्यभर गाणी वाजवली, पण कुणाला बोलायला शिकवायचं काम पहिल्यांदाच मिळालं होतं.

आता खोलीची रचना नीट लक्षात घ्या, कारण सगळी गंमत तिथेच आहे. आजोबांच्या पलंगावर हवेची गादी होती, अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली. ती फुगती ठेवायला एक छोटा पंप दिवसरात्र घूं घूं करत चालायचा. पलंगामागच्या बोर्डावर एक पंप आणि एक मी, एवढीच जागा. त्यामुळे लॅपटॉपचा चार्जर दाराजवळच्या बोर्डात लावला जायचा. लॅपटॉप जुना, बॅटरी दमलेली, चार्जर काढला की थोड्या वेळात मान टाकायचा. म्हणून चार्जर कायम लावलेला.

आणि पहिल्याच दिवशी माझ्या पोटात भुंगा शिरला.

मोबाइलवाला टिर्र टिर्र नव्हे. हा जाड, सलग, न थांबणारा. घूंऽऽऽ. बाईंचा शब्द चालू असताना तो मागे पडायचा, पण रिकामी जागा आली की खोलीत तेवढाच उरायचा. मला स्वतःची लाज वाटली. पण तो मी करत नव्हतो. तो माझ्या तारेतून माझ्यात येत होता आणि मला तो बाहेर टाकावाच लागत होता.

तुम्ही म्हणाल, घरातल्या लोकांना ऐकू येत नव्हता का? येत होता की! पण त्यांना वाटायचं, तो पंपाचा आवाज आहे. पंप घूं घूं करतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि डॉक्टरांनी लावलेला पंप बंद तर करता येत नाही. म्हणून सगळ्यांनी त्या आवाजाकडे कानाडोळा केला. आजोबा सोडून. त्यांचे कान त्याच कामात मुरलेले. त्यांना पंप वेगळा ऐकू येत होता आणि भुंगा वेगळा.

त्यांनी सांगायचा प्रयत्न केला. जिवाच्या आकांताने केला. बाई माझ्यातून म्हणाल्या, पाणी. रिकामी जागा आली. आजोबांनी माझ्याकडे बघून सगळी ताकद ओठांत आणली आणि त्यांच्या तोंडून निघालं, "भू..."

आजी दाराशीच उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बोलले! भूक लागली म्हणतायत! धावत आत गेल्या आणि वाटीत काहीतरी गरम घेऊन आल्या.

आजोबांनी नकारार्थी मान हलवली. पुन्हा म्हणाले, भू. आजींनी आणखी एक चमचा भरवला.

त्या दिवसापासून सुरुवात झाली. आजोबा भू म्हणायचे आणि कुणीतरी खायला आणायचं. नुकतेच जेवले असले तरी आणायचं. आजींना तर वाटे, आजारात हडकलेत, आता भूक लागतेय हे चांगलं लक्षण आहे. एकदा नात पळत आली आणि टाळ्या वाजवत म्हणाली, आजोबांना भूर जायचंय. लगेच मुलाने त्यांना खुर्चीत बसवलं, गळ्याला मफलर गुंडाळला आणि रस्त्यावरून फिरवून आणलं. आजोबांचा चेहरा असा झाला होता, की मला हसावं की रडावं कळेना. एवढा मोठा माणूस, त्याला भूर!

मग त्यांनी डाव्या हाताने माझ्याकडे बोट दाखवलं. मला वाटलं, आता तरी कळेल. मुलगा म्हणाला, बाबांना नीट ऐकू येत नाहीये बहुतेक. आणि त्याने माझ्या छातीवरचं बटण फिरवून आवाज वाढवला. शब्द वाढला, भुंगाही वाढला. आजोबांनी डोळे मिटून घेतले.

मित्रांनो, हळूहळू ते खचायला लागले. आधी दोन्ही वेळा नेटाने बसत. मग सकाळचं बसणं नकोसं झालं. मग संध्याकाळीही खुर्ची माझ्याकडे वळवली की ते मान भिंतीकडे फिरवत. बाई म्हणत, पाणी, आणि उत्तर येत नसे. बोलक्या बाई येऊन ऐकून गेल्या. जाताना दाराशी सूनबाईला हळू आवाजात म्हणाल्या, की एवढे दिवस झाले, एका भू शिवाय काही येत नाहीये. पुढच्या सोमवारी मी शेवटचं तपासते. फरक नसेल तर बोलण्याचा सराव थांबवू आणि चित्रांची पाटी देऊ. पाण्याचं चित्र, जेवणाचं चित्र, संडासाचं चित्र. हवं त्यावर बोट ठेवायचं. पुष्कळ लोक त्यावर छान निभावतात.

पाटी वाईट नसते. ज्यांना तिची गरज आहे त्यांचा तो मोठा आधार असतो. पण आजोबांना बोलता येणार होतं. हे त्यांना माहीत होतं आणि मला माहीत होतं. बाकी कुणालाच माहीत नव्हतं, आणि आम्हा दोघांनाही ते सांगता येत नव्हतं. बाईंचं बोलणं आजोबांनी ऐकलं होतं. त्या संध्याकाळी त्यांनी आजींच्या हातातली वाटी डाव्या हाताने उडवली. आजी खाली बसून फरशी पुसत राहिल्या.

आता सूनबाईबद्दल सांगतो. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला बसते. दिवसभर लोकांना खुर्चीत बसवून भिंग बदलते आणि विचारते, हे बरं दिसतंय की आधीचं? हे की ते? कंटाळा म्हणून नाही. तिच्या नवऱ्याचं अगदी उलट. तो काहीही बिघडलं की सगळ्या पिना एकदम उपटतो, सगळ्या एकदम लावतो आणि देवावर हवाला ठेवतो. मी त्याला मनातल्या मनात उपट्या म्हणतो. माणूस प्रेमळ आहे, पण उपट्याच.

तर या उपट्याने एके सकाळी घाईत आपल्या चार्जरऐवजी लॅपटॉपचा चार्जर बॅगेत टाकला आणि कामावर निघून गेला. सूनबाईला त्या दिवशी सुट्टी होती. तिने आजोबांना माझ्यासमोर बसवलं आणि लॅपटॉप आहे त्या बॅटरीवरच सुरू केला.

भुंगा गायब! मला स्वतःलाच विश्वास बसेना. बाई म्हणाल्या, पाणी. त्यानंतरची रिकामी जागा खरोखर रिकामी होती. आजोबांची मान भिंतीवरून माझ्याकडे वळली. ते म्हणाले, "पा..." आणि बऱ्याच वेळाने, "णी."

सूनबाई जागच्या जागी थबकली. मग तिच्या लक्षात आलं, की खोली फार शांत आहे. तिला वाटलं पंप बंद पडला. तिने घाईघाईने वाकून पंपावर हात ठेवला. पंप थरथरत होता, आपलं काम इमाने इतबारे करत होता. त्याचा घूं घूं आवाज होता तो एवढासाच, मांजर घोरावं तसा. मग रोजचा तो मोठा आवाज कुणाचा? तिने माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात लॅपटॉपने मान टाकली.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. चार्जर लावून दाखवला. घूंऽऽऽ. उपट्या म्हणाला, म्हणजे स्पीकर गेला, आता भंगारात टाकू. माझ्या डोक्यावर दोन चापट्या मारून पाहिल्या. सगळ्या पिना उपटून लावल्या. तार बदलली. भुंगा तसाच. कुणीतरी मित्राने त्याला फोनवर सांगितलं, की पिनेचा तिसरा जाड पाय कापून टाक, आवाज जातो. तो पक्कड घेऊन आलासुद्धा. मित्रांनो, माझ्या अंगावर काटा आला. तो तिसरा पाय म्हणजे अर्थिंग. आत कधी काही बिघडलं तर वीज माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जावी म्हणून तो असतो. तो कापायचा म्हणजे आजारी माणसाच्या उशाशी संकट आणून ठेवायचं. सूनबाईने पक्कड त्याच्या हातातून काढून घेतली आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. मी मनातल्या मनात तिचे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी माझी स्वारी पिशवीतून दुकानात निघाली. डाव्याला घरीच ठेवलं, तेवढाच तो सुटला. दुकानदाराने मला आपल्या टेबलावरच्या संगणकाला जोडलं. मी गप्प. एक चूं नाही. त्याने कान लावला, बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. उपट्याकडे बघून म्हणाला, याला काहीही झालेलं नाही. उपट्या हट्टाला पेटला. म्हणाला, घरी घूं करतो हो हा, इथे मुद्दाम शहाण्यासारखा वागतोय. शेवटी दुकानदाराने मला परत दिलं आणि स्वतःची एक नवी कोरी जोडीही त्याला घरी लावून बघायला दिली.

ती नवी जोडी आजोबांच्या खोलीत बसवली, चार्जर लावला, आणि काय सांगू! घूंऽऽऽ. तोच सूर, तोच जाडपणा. माझ्या आनंदाला पारावार उरला नाही. सांगत होतो ना! नव्या जोडीचा चेहरा मात्र बघवत नव्हता. बिचारी पहिल्याच दिवशी बदनाम झाली.

सूनबाई पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, "म्हणजे स्पीकरचा दोष नाही. दोष जोडणीत आहे. आणि ऐकणारा माणूस आपल्याकडे आहे. आपण त्यांनाच विचारलं नाही."

तो रविवार होता. सोमवारी बाई येणार होत्या. मला पुन्हा माझ्या जागी बसवलं. सूनबाईने आजोबांची खुर्ची समोर ओढली आणि दुकानात गिऱ्हाइकाशी बोलते तशीच बोलायला लागली. बाबा, मी एका वेळी एकच गोष्ट बदलणार. आधीचं बरं असेल तर एक बोट, आत्ताचं बरं असेल तर दोन. सारखंच असेल तर मूठ. आणि नवऱ्याला म्हणाली, तू कशालाही हात लावू नकोस.

कितीतरी दिवसांनी आजोबा ताठ बसले. त्यांना कुणीतरी काम दिलं होतं.

तिने मोबाइल दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला. मूठ. टेबलावरचा दिवा बंद केला. मूठ. डाव्याची तार काढली. मूठ, आणि डाव्याला जरा राग आला. पंप क्षणभर थांबवला. मूठ. लॅपटॉपमध्ये घुसलेली माझी तार काढून पुन्हा घट्ट बसवली. मूठ. उपट्या दाराशी चुळबुळ करत होता, पण त्याने हात खिशातच ठेवले. मग तिने दाराजवळच्या बोर्डातून चार्जर काढला. आजोबांची दोन बोटं अशी झर्रकन वर आली, की आजी दचकल्या. चार्जर लावला, एक बोट. काढला, दोन.

उपट्या म्हणाला, झालं तर, चार्जर खराब. सूनबाई म्हणाली, थांब. चार्जर तोच ठेवते, जागा बदलून बघते. तिने पुढच्या खोलीतून लांब वायरचा बोर्ड आणला, तो पलंगामागे लावला आणि त्याच एका बोर्डावर पंप, चार्जर आणि मी, असे तिघं शेजारी बसवले.

मित्रांनो, कारण इतकं साधं होतं. भिंतीतले ते दोन बोर्ड जमिनीपर्यंत वेगवेगळ्या वाटांनी पोचत होते. एका बाजूने मी जमिनीला जोडलेलो, दुसऱ्या बाजूने चार्जरमार्फत लॅपटॉप, आणि मध्ये आम्हा दोघांना बांधणारी आवाजाची तार. त्या दोन वाटांमध्ये जो किंचित फरक होता, तो माझ्या तारेतून वाहायचा आणि भुंगा होऊन बाहेर पडायचा. दोघांना एकाच ठिकाणी आणल्यावर फरकच उरला नाही. दुकानातल्या टेबलावर मी शहाण्यासारखा का वागलो, तेही आता तुम्हाला कळलं असेल. तिथे सगळं एकाच बोर्डावर होतं.

लॅपटॉप सुरू झाला. मी गप्प. खोलीत फक्त पंपाची बारीकशी धुसफुस. सूनबाईने विचारलं, बाबा, आधीचं की आत्ताचं?

आजोबांनी बोट उचललं नाही. मूठही केली नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओठ जुळवले. "भुं..."

आजी सवयीने उठल्याच, वाटी आणायला. सूनबाईने त्यांचा हात धरला. "आई, बसा. त्यांचं अजून झालं नाहीये."

सगळे थांबले. खूप वेळ थांबले. आजोबांच्या कपाळावर घाम आला. नातीने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तर उपट्याने ते हळूच हाताने झाकलं.

"गा," आजोबा म्हणाले. मग श्वास घेतला. "भुंगा. गे... ला."

कुणाला काही कळेना. आधी तर आजींनी खिडकीकडे पाहिलं, खरंच भुंगा आत आला होता की काय म्हणून. सूनबाईने माझ्यावर हात ठेवला आणि विचारलं, हा आवाज? याला भुंगा म्हणता तुम्ही? आजोबांनी मान हलवली, वरखाली, कितीतरी वेळा. आणि मग आजींना उमगलं. इतके दिवस हा माणूस भुंगा भुंगा म्हणत होता आणि आपण त्याच्या तोंडात चमचे कोंबत होतो. त्यांनी पदर तोंडाला लावला. रडतायत की हसतायत ते मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही. मला विचाराल तर मी त्या दिवशी जेवढा सुखी होतो तेवढा आयुष्यात कधी नव्हतो, आणि मी तर नुसता गप्प उभा होतो.

सोमवारी बोलक्या बाई आल्या. पिशवीत चित्रांची पाटी होती, तिचा कोपरा बाहेर डोकावत होता. त्यांनी सराव लावला. पाणी, मी म्हणालो. म्हणजे त्याच म्हणाल्या, माझ्यातून. आजोबांनी सावकाश उत्तर दिलं. खिडकी जरा अडखळली, चादर जवळजवळ बरोबर आली. प्रत्येक शब्दाला वेळ लागत होता, काही शब्द तर अर्ध्यावरच राहिले. पण ते भिंतीकडे वळले नाहीत. बाई ऐकत होत्या आणि आश्चर्य म्हणजे बोलत नव्हत्या.

शेवटी त्या म्हणाल्या, "छान. आता मी दिलेला शब्द नको. तुमच्या मनातलं सांगा. तुम्हाला आत्ता काय हवंय?"

आजोबांनी आजींकडे पाहिलं. ओठ जुळवले. "भू..."

आजी खुर्चीला चिकटून बसल्या. दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, न जाणो उठायला होईल. सूनबाई श्वास रोखून उभी होती. उपट्या माझ्याकडे वाकून बघायला लागला, परत भुंगा शिरला की काय म्हणून. पण मी स्वच्छ होतो. कुणी त्यांचा शब्द पुरा केला नाही. सगळ्यांनी वाट पाहिली.

"क," आजोबा म्हणाले. "भूक. ला... गली."

आजी एवढ्या मोठ्याने हसल्या, की शेजारच्या बाई दाराशी आल्या. आजोबाही हसत होते, वाकड्या ओठाने, खांदे हलवत. आजी म्हणाल्या, "आता खरंच लागली का? की परत मला फसवताय?" आणि आत जायला वळल्या. पण दारात थांबून त्यांनी आधी विचारलं, काय आणू? उत्तराची वाट बघत त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. बोलक्या बाईंनी पाटी पिशवीत खोल सारली आणि पुढच्या आठवड्याची वेळ ठरवली.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंची काळजी घ्या, ती घ्यायलाच हवी. आमच्या तारा पिळू नका, मोबाइल आमच्या पोटाशी ठेवू नका, अर्थिंगचा पाय कधीही कापू नका, आणि आवाज बिघडला तर चापट्या मारण्याआधी एकेक गोष्ट बदलून बघा. पण माझं खरं मागणं वेगळंच आहे. तुमच्या घरात कुणी अडखळत बोलत असेल, लहान असेल, म्हातारं असेल, आजारी असेल, तर त्यांच्या तोंडातला शब्द घाईने हिसकावून पुरा करू नका. तुमचा शब्द कितीही प्रेमाचा असला तरी तो तुमचा असतो. त्यांना त्यांचा म्हणू द्या. वेळ लागेल, पण थांबा.

मी अजून आजोबांच्या खोलीत आहे. हल्ली मला काम कमी असतं. ते आणि आजी दुपारी वाद घालत बसतात. आजींची चार वाक्यं बोलून होतात तेव्हा आजोबांचं एक होतं, आणि आजी त्या एका वाक्यासाठी थांबतात. तेवढा वेळ मी बंद असतो, आणि मला त्याचं मुळीच वाईट वाटत नाही.